चार नंबरची घार

१४ जानेवारी, दुपारचे चार वाजून दहा मिनिटे. गोरेगावातल्या आमच्या कार्यालयात त्या क्षणी माझ्याखेरीज कोणीही नव्हते. समोरच्या पडद्यावर मुंबईचा नकाशा होता आणि घाटकोपर पश्चिमेतल्या एका गल्लीवर एक नारिंगी ठिपका जेवणाच्या सुट्टीपासून खिळून राहिला होता. तो ठिपका म्हणजे एक घार. भर दुपारी घार इतका वेळ बसून राहत नाही; जमीन तापून हवा वर चढू लागते, ती तिच्या कामाची वेळ. त्यात त्या दिवशी संक्रांत होती. संक्रांतीला घाटकोपरच्या गच्च्यांवर काय चालते ते मी लहानपणापासून पाहत आले आहे. मी लॅपटॉप मिटला नाही. तसाच उघडा मांडीवर घेऊन रिक्षात बसले.

मी पक्ष्यांच्या स्थलांतराचा अभ्यास करते. लोकांना हे काम दुर्बिणीचे वाटते. प्रत्यक्षात ते बहुतांशी खुर्चीचे आहे. पक्ष्याच्या पाठीवर आगपेटीहून लहान यंत्र पट्ट्यांनी बसवायचे. ते उन्हावर चालते आणि मोबाइलच्या जाळ्यातून पक्ष्याचा ठावठिकाणा कळवत राहते. मग वर्षानुवर्षे पडद्यासमोर बसून त्या ठिपक्यांचा अर्थ लावायचा. पक्षी हातात येतो ते दिवस वर्षातून मोजके. बाकी सगळे दिवस एक माणूस आणि एक ठिपका.

ठिपक्याने मला एका चाळीच्या मागच्या अंगणात नेले. तिथल्या उंच झाडाच्या टोकाशी चार नंबरची घार उलटी लटकत होती. डावा पंख ताणून उघडा पडलेला, त्यात नायलॉनचा मांजा आवळलेला. वर गच्च्यांवरून गाणी, शिट्ट्या आणि ‘लपेट, लपेट’चा गलका चालू होता. खाली लुंगी नेसलेले साठीपुढचे एक गृहस्थ लांब बांबूच्या टोकाला कोयती बांधत बसले होते. त्यांचे नाव गावडे, हे नंतर कळले.

“माका वाटला कोणाची तरी पतंग अडाकली,” ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, “बघतंय तर तिका डोळे!”

मी घारीच्या पाठीवरचे यंत्र दाखवले आणि ती आमची असल्याचे सांगितले.

“तुमची म्हणजे? पाळलेली?” चादरीचा एक कोपरा धरून उभ्या असलेल्या बाईंनी विचारले.

“पाळलेली नाही. अभ्यासातली आहे. ही इथली नाहीच. पार मंगोलियाच्या बाजूला जन्मलेली. फक्त थंडीपुरती येते.”

“काहीतरीच काय! घारी कशाला बाहेरून येतील? आमच्या डोक्यावर बारा महिने घारीच तर असतात.”

“त्या वेगळ्या. ही काळ्या कानाची.”

“मॅडम, पासपोर्ट चेक केला का तिचा?” वरच्या गच्चीतून कोणीतरी ओरडले आणि सगळी गच्ची हसली. मांजा मात्र कोणी गुंडाळला नाही.

गावडेकाकांनी नारळ उतरवावा तशी ती फांदी हलक्या हाताने तोडली. घार चादरीत आली. मी तिच्या डोक्यावर ओढणी टाकली. अंधार झाला की शिकारी पक्षी शांत होतो. पायातल्या कड्यावरचा आकडा वाचण्याची गरज नव्हती, तरी वाचला. चार.

“वाचतली मां?” काकांनी विचारले.

“ठाऊक नाही, काका.”

“मगे कळय माका. नंबर घे माझो.”

ती वाचणे मला किती आवश्यक होते, हे त्या अंगणात सांगण्यासारखे नव्हते. इथे सांगते.

पाच हिवाळ्यांपूर्वी मुलुंड आणि विक्रोळीच्या मधल्या खाडीकाठी, कचऱ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी, आम्ही सहा घारी पकडून त्यांना यंत्रे बसवली. आम्ही म्हणजे आमचे मार्गदर्शक सर, माझी सहकारी केतकी आणि मी. सहाही पक्षी त्याच वर्षी अंड्यातून बाहेर आलेले, म्हणजे आयुष्यातला पहिलाच प्रवास करून मुंबईत पोहोचलेले. आमचा प्रश्न साधा होता. स्थलांतर करणारा पक्षी वाट शिकतो का? शिकत असेल तर वयाबरोबर त्याचा प्रवास कसा सुधारतो?

बहुतेकांना वाटते की पिल्लांना आईबाप घेऊन जातात. काही जातींत ते खरे आहे. घारींत बहुधा नाही. पिल्लू आपापले निघते. कोणत्या बाजूला जायचे आणि साधारण केव्हा निघायचे, एवढे त्याच्या रक्तात असते. वारा कुठे वळतो, डोंगर कोणत्या खिंडीतून ओलांडता येतो, कोणत्या गावाबाहेर मेलेली जनावरे टाकतात, हे त्याला कोणीही सांगितलेले नसते. दिशा वारशाने मिळते; रस्ता मिळत नाही.

चार नंबरचा पहिला वसंत पाहणे हा एक छळ होता. ती मुंबईहून निघाली तीच जवळजवळ पूर्वेला. घाट चढून पठारावर गेली, मग काहीतरी चुकल्यासारखी पश्चिमेला वळून गुजरातच्या किनाऱ्यावर आली. राजस्थानात समोरून येणाऱ्या वाऱ्याशी ती दिवसचे दिवस झुंजली आणि मागे ढकलली गेली. हिमालयापलीकडच्या उंच रांगांच्या पायथ्याशी पोहोचल्यावर एकेका दरीत शिरून परत फिरत राहिली. त्या दऱ्यांचे वळण न् वळण मला पाठ झाले आहे. केतकी पडद्याकडे पाहून म्हणायची, “हिला कोणीतरी गूगल मॅप द्या गं.”

दुसऱ्या वर्षी भटकणे कमी झाले. पण खरी गोष्ट तिसऱ्या वर्षी घडली. राजस्थानातल्या एका तळ्याकाठी चार नंबर थांबली आणि हलेचना. सकाळी तोच ठिपका, संध्याकाळी तोच. उन्हाला धुळीने झाकले होते, त्यामुळे यंत्र जेमतेम ठिकाणच कळवत होते. त्यापलीकडे काही नाही.

“गेली गं,” केतकी म्हणाली. “तू उगाच आशा लावून बसू नकोस.”

मी वाऱ्याचे नकाशे काढले. पश्चिमेकडून धुळीचे वादळ येत होते. पहिल्या वर्षी ती ज्यात शिरली होती तसेच. या वेळी ती शिरलीच नव्हती. वारा फिरला तशी ती उठली आणि पहिल्या वर्षी जे अंतर कापायला तिला आठवडा लागला होता, ते तिने एका दिवसात मागे टाकले. माझी समजूत होती की अनुभवी पक्षी अधिक वेगाने उडतो. ते काही अंशी खरेही आहे. पण तिने शिकलेली मोठी गोष्ट होती न उडणे. पडद्यावर थांबलेला पक्षी आणि मेलेला पक्षी सारखेच दिसतात, ही आमच्या व्यवसायातली अडचण आहे.

याच्या उलटही घडते. दोन नंबरची घार दुसऱ्या हिवाळ्यात आरे कॉलनीत स्थिरावली. ठिपका रोज सकाळी एका जागेवरून निघून डबक्यापर्यंत जायचा, दुपारभर तिथे राहायचा आणि संध्याकाळी परतायचा. आम्ही तिमाही अहवालात गंभीरपणे लिहिले की या पक्ष्याने स्थानिक जीवनक्रम स्वीकारलेला दिसतो आणि जमिनीलगत अन्न शोधण्याकडे त्याचा कल वाढला आहे. वसंत आला तरी दोन नंबर निघेना, तेव्हा मी प्रत्यक्ष पाहायला गेले. ठिपका एका म्हशीच्या गळ्यात होता.

“तारेला चिकटून मेली होती ती घार,” तबेल्यातले यादवजी म्हणाले. “हे मशीन पडलेलं. सरकारी असणार ना? म्हणून बांधलं. सरकारी म्हैस कोण चोरणार, मॅडम?”

सरांना फोनवर हे सांगितले तेव्हा ते इतके हसले की त्यांना खोकला आला. मीही हसले. रस्त्यावर बसची वाट पाहत उभी राहिले तेव्हा लक्षात आले, की आपण तीन महिने एका म्हशीवर माया केली.

एक, तीन, पाच आणि सहा याही गेल्या. कोणी वाळवंटात, कोणी बर्फात, तर एकीचे काय झाले ते कळलेच नाही. चौथ्या वसंतात फक्त चार नंबर उरली. त्याच सुमारास केतकीने बंगळुरूत नोकरी धरली. निघताना म्हणाली, “तिथे पण ठिपकेच आहेत यार, फक्त ते पिझ्झा घेऊन फिरतात.” सर निवृत्त होऊन पुण्याला गेले आणि गुरुवारचा फोन एवढे मार्गदर्शन उरले. मी बोरिवलीला सातव्या मजल्यावर एका खोलीच्या घरात राहते. यंत्राकडून नवी माहिती आली की माझ्या फोनवर बारीकसा टिंग आवाज होतो. कित्येक वर्षे सकाळी मला येणारा पहिला संदेश त्या घारीचा होता. आई मुलुंडहून फोन करते तो त्यानंतर.

सहापैकी एकच पक्षी उरणे हे दुःखद तर होतेच. शास्त्रदृष्ट्या ते त्याहून अडचणीचे होते. समजा, घाटात पंचवीस वर्षे गाडी चालवणारे सगळे चालक तुम्ही तपासले. ते सगळे निष्णात निघतील. म्हणून अनुभवाने माणूस निष्णात होतो, असे म्हणता येईल का? घाईने म्हणता येणार नाही. जे निष्णात नव्हते ते पंचवीस वर्षे टिकलेच नसतील. पक्ष्यांचेही तसेच. म्हातारे पक्षी सरळ वाटेने जातात, ते शिकल्यामुळे की वाकड्या वाटेने जाणारे लहानपणीच मेल्यामुळे? दोन्ही कारणे खरी असू शकतात. त्यांना वेगळे करायचे तर एकच पक्षी त्याच्या पहिल्या चुकीपासून शेवटपर्यंत पाहावा लागतो. तसा माझ्याकडे एकच होता.

चार वसंतांच्या चार रेषा मी एकमेकींवर ठेवल्या होत्या. प्रत्येक पुढची रेषा अधिक सरळ. पाचवीही तशीच आली असती, तर चौथे यश नशिबाचे नव्हते असे ठामपणे लिहिता आले असते. परदेशातल्या एका प्रयोगशाळेत मला मिळू घातलेली जागाही त्या पाचव्या रेषेवर अडली होती. मी महत्त्वाकांक्षी आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही.

तेव्हा संक्रांतीच्या त्या संध्याकाळी खोक्यात घार घेऊन मी मुलुंडला डॉ. परबांकडे गेले. डोंगराच्या पायथ्याशी त्या पक्ष्यांचे लहानसे उपचार केंद्र चालवतात. पन्नाशीच्या, ठेंगण्या, आवाज खणखणीत. जखम पाहून त्यांनी मांजा बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि मग कामाला लागल्या. खांद्यापासून मनगटापर्यंत पंखाची पुढची कडा ज्या कातडीने ताणलेली असते, ती मांज्याने कापली होती. हाड शाबूत होते.

“टाके घालते. पण ही कातडी आखडते गं. परत ताणली गेली पाहिजे. वेळ लागेल.”

“मार्चच्या मध्यापर्यंत? त्या सुमारास निघतात या.”

“तिला तिकीट रद्द करायला सांग.”

जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. दर रविवारी मी बोरिवलीहून मुलुंडला जाई. परबबाई तिला माहेरवाशीण म्हणत. मी एकदा चूक दुरुस्त केली, की तिचा जन्म तिकडचा, म्हणजे माहेर तिकडे.

“म्हणजे सासर आमचं होय? मग बरोबर आहे, सासरीच चिंधड्या होतात पोरींच्या.” त्यांनी चिमट्याने मांसाचा तुकडा पुढे केला. “तू कधी जातेस?”

“कुठे?”

“कुठेही. दर रविवारी घारीला भेटायला येतेस, म्हणून विचारलं.”

मी वाटीतला पुढचा तुकडा त्यांच्यापुढे केला. घरी सकाळी फोन गप्प असे; छपराखालच्या पिंजऱ्यात यंत्राला ऊन मिळत नव्हते. आवाज बंद तर केला नाही ना, हे मी पुन्हा पुन्हा तपासत असे.

मार्चमध्ये खाडीवरच्या काळ्या कानाच्या घारी निघून गेल्या. चार नंबर मोठ्या पिंजऱ्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत उडू लागली, पण डावा पंख किंचित खाली राहत होता. तेव्हा सरांचा फोन आला.

“एक लक्षात आलंय का तुझ्या? आता सोडलीस तर ती महिनाभर उशिरा निघणार. अनुभवी पक्षी उशिरा निघाला तर वेळ भरून काढतो का? असा प्रयोग ठरवून कोणी करूच शकत नाही. सोनं आहे हे.”

मला ते सरांच्या आधीच सुचले होते. टाके पडत असतानाच. मी फक्त “हो, सर,” म्हणाले.

पण परबबाईंनी दुसराच मुद्दा काढला. पट्टे खांद्यांवरून जात होते आणि डावा पट्टा नेमका नव्या कातडीच्या कडेला घासत होता.

“हे दप्तर उतरव तिच्या पाठीवरचं,” त्या म्हणाल्या.

“पट्टे बदलता येतील. मांड्यांवरून जाणारे मिळतात. खांदा मोकळा राहतो. मी मागवलेत.”

“वजन तेच ना?”

“शरीराच्या मानाने नगण्य असतं ते, डॉक्टर. सगळीकडे मान्य आहे.”

“धडधाकट पक्ष्याला. ही तीन महिने पिंजऱ्यात बसलेली आहे.” मग आवाज उतरवून म्हणाल्या, “तू शिकलेली आहेस. परवानगी तुझ्या नावावर आहे. मी सक्ती करणार नाही. तूच ठरव.”

ठरवण्याची एकच पद्धत मला येते. जुने यंत्र उतरवून मी तेवढ्याच वजनाची कापडी पुडी मांड्यांच्या नव्या पट्ट्यांनी बांधली आणि घारीला पिंजऱ्यात उडवले. मग पुडी काढून उडवले. एक दिवस असे, एक दिवस तसे, आठवडाभर. पुडीशिवाय ती लांबच्या उंच दांडीवर थेट उतरे आणि पिसे साफ करू लागे. पुडीसह ती खालच्या दांडीवर उतरे, चोच उघडी ठेवून धापा टाके, आणि डावा पंख आणखी खाली राही. मी आठवडाभर अपवाद शोधत होते. एखादाच दिवस उलटा यावा, म्हणजे मला पुढे बोलायला जागा मिळेल. तो आला नाही.

गुरुवारी सरांना सांगितले.

“एका पक्ष्यावरचा प्रयोग,” ते म्हणाले. “एका पक्ष्यावरून निष्कर्ष काढू नये, हे तूच मला इतके महिने ऐकवतेस.”

“सगळ्या घारींबद्दल निष्कर्ष काढत नाहीये मी, सर. हिच्याबद्दलच काढतेय. हिच्यासाठी एक पुरतो.”

सरांनी लगेच दुसरा पर्याय पुढे केला. “मग पुढच्या मोसमापर्यंत ठेवून घे. वर्षभर. पंख पक्का झाला की यंत्रासकट सोड.”

तोही मार्ग मी विचारात घेतला होता. वर्षभर पिंजऱ्यात राहिलेली घार माझा आलेख वाचवू शकली असती. पण मग मी जे मोजणार, ते चार वसंत शिकलेल्या पक्ष्याचे नसून एका कैद्याचे असते. आणि परबबाई म्हणत होत्या की आता कातडी पुरेशी ताणली जाते. तीन महिन्यांत पंखाची जी ताकद गेली तीही हळूहळू परत येते आहे. आणखी डांबून ठेवले, तर ती पुन्हा जाईल. एप्रिलचे ऊन घारीच्या बाजूचे असते. हवा सहज वर चढते, पंख कमी मारावे लागतात.

“प्रयोगशाळेला काय सांगशील?” सरांनी विचारले.

“चार रेषा आहेत, असं.”

“आणि पाचवी?”

“पाचवी पाहिली नाही, असं.”

सोडण्याची दुपार मी शेवटी सांगेन. त्याआधी त्या दिवसाच्या संध्याकाळचे सांगते, कारण माझ्या मनात ती दोन्ही नेहमी याच क्रमाने येतात.

संध्याकाळी मुलुंडहून रिक्षाने निघाले तेव्हा उतरवलेले यंत्र, दुपारभर ऊन खाल्लेले, माझ्या पिशवीच्या बाहेरच्या जाळीदार कप्प्यात होते. ते बंद करायचे माझ्या ध्यानात आले नाही. तासाभराने गावडेकाकांचा फोन आला. संक्रांतीपासून ते दर पंधरवड्याला चौकशी करत होते.

“गेली काय गो?”

“गेली, काका. आज दुपारी.”

“पोचल्यार तुका कळतला मां, त्या मशिनीर?”

“नाही कळणार. मशीन काढलं. पंखाला जड होत होतं.”

“बरा केलंस,” ते लगेच म्हणाले. “इतक्या लांब वझा घेऊन कोण जाता?” मग जरा थांबून, “पण मगे तू आता काय बघतलंस गो?”

मी म्हटले, बघू काहीतरी. पवईला रहदारी तुंबली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी टिंग असा आवाज झाला. कित्येक आठवड्यांनी. मी अंथरुणातून उठून फोन घेतला आणि क्षणभर मला काहीच उमगले नाही. चार नंबरचा ठिपका मुलुंडहून निघाला होता, पवईच्या वळणावर बराच काळ घोटाळला होता, बोरिवलीत शिरला होता आणि एका इमारतीवर येऊन थांबला होता. नकाशा मोठा करून पाहिले. इमारत माझी होती. त्यानंतर कसलीही हालचाल नव्हती.

चार नंबरच्या माहितीतून मी त्या ओळी पुसून टाकल्या. त्या माझ्या होत्या.

आता दुपार.

यंत्रे येण्यापूर्वी, सरांच्या उमेदीच्या काळात, सोडलेला पक्षी कुठे जातो हे पाहण्याची एकच रीत होती. मोकळ्या उंच जागी उभे राहायचे, पक्षी सोडायचा, दुर्बिणीतून नजर न हटवता त्याचा पाठलाग करायचा आणि तो नाहीसा होईल त्या क्षणी होकायंत्रावर दिशा वाचायची. आज ती रीत फारसे कोणी वापरत नाही, कारण तिने एकच आकडा मिळतो. उत्तर दिशा म्हणजे शून्य अंश, पूर्व म्हणजे नव्वद. चार नंबर हिमालयापलीकडची ती डोंगररांग ज्या खिंडीतून ओलांडू लागली होती, ती मुंबईपासून जवळजवळ थेट उत्तरेला आहे. पूर्वेकडे अगदी थोडी कललेली, दहा अंशांच्या आसपास. पहिल्या वसंतात ती निघाली होती, तेव्हा सत्तरच्या पुढे होती.

केंद्रामागच्या टेकडीवर काळ्या कातळाचा एक उघडा टप्पा आहे. परबबाईंनी खोके उचलले, मी गळ्यात दुर्बीण आणि होकायंत्र अडकवले. वर पोहोचेपर्यंत आम्ही दोघीही घामाने भिजलो. खाली एका बाजूला उंच इमारती, त्यांच्यापलीकडे खाडी, तिच्या काठी कचऱ्याचा डोंगर. दुसऱ्या बाजूला जंगल.

“बोल काहीतरी तिच्याशी,” परबबाई म्हणाल्या.

“काय बोलू?”

“मला काय ठाऊक! पाच वर्षं तू ओळखतेस.”

मी खोक्याचे झाकण उघडले.

ती लगेच उडाली नाही. कातळावर उभी राहिली, अंग फुलवून पिसे झटकली, आणि जिथे पट्टा असे तिथे चोच घालून दोनदा खाजवले. मग एकदम झेपावली. पहिल्या झेपेत ती खाली गेली, इतकी खाली की झाडांच्या शेंड्यांत दिसेनाशी झाली. परबबाईंनी माझे कोपर घट्ट धरले. झाडांपलीकडून ती पुन्हा वर आली. डावा पंख किंचित खाली, पण ताणलेला. तापलेल्या कातळावरून हवा चढत होती आणि ती तिने पकडली. पंख न हलवता एक वेढा, दुसरा वेढा, प्रत्येक वेळी अधिक वर.

मग ती पूर्वेला कलली. खाडीकडे. तिकडे तिचे ओळखीचे अन्न होते, तिकडेच तिने पाच हिवाळे काढले होते. तीन महिने आयते मांस खाल्लेल्या पक्ष्याने तिकडे जाणे अगदी समजण्यासारखे होते. होकायंत्राची सुई पाहत मी मनात वाचत गेले: साठ, सत्तर. ती तिकडे उतरली असती तर तिथेच राहिली असती. वैशाखाचा वणवा, मग पाऊस, आणि पंखाखाली नव्या कातडीचा पट्टा.

“जेवायला चालली बया,” परबबाई पुटपुटल्या.

खाडीच्या वर तिने आणखी एक मोठा वेढा घेतला. त्या वेढ्यात ती बरीच उंच गेली आणि फिरून आमच्या डोक्यावरून आली. वाऱ्याचा अंदाज घ्यायला की काय, क्षणभर जागीच तरंगली. मग तिने पंख किंचित मागे घेतले, वेढा मोडला आणि सरळ निघाली.

“मला नाही दिसत आता,” परबबाई म्हणाल्या. “तुला दिसतेय?”

“दिसतेय.”

“अजून?”

दुर्बिणीत ती आधी पंखांची एक रेघ होती, मग एक कण. डोळ्यांत पाणी येत होते, तरी मी पापणी मिटू दिली नाही. मिटली असती तर ती कुठे नाहीशी झाली हे सांगता आले नसते. जंगलाच्या शेवटच्या कड्यावर, पांढऱ्या आभाळात, तो कण होता, होता, आणि नव्हता. मी होकायंत्र डोळ्यांसमोर धरले आणि वाचले.

नऊ अंश.